फाटकाच्या अलीकडे

कुडचड्याला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
फोंडूचं दुकान होतं, आठ बाय सहाचं.
तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे.
वाद नाही.

मी तिथला पोरगा. डाग द्यायचो, चहा आणायचो,
खनिजाचे ट्रक गेले की
काउंटरवरची तांबडी धूळ पुसायचो,
दिवसातून सात वेळा.

बाकाच्या एका टोकाला कायतान शिंपी, गळ्यात टेप.
लिगोर फुर्ताद, म्हणायचा. दुसरा जन्मला नाही.
तो नुसतं ‘मोगा’ म्हणतो
आणि सुईत दोरा आपोआप जातो माझ्या.
दुसऱ्या टोकाला सगुण मास्तर, चष्मा पुसत:
इंदुमती कासारपालकर.
ती श्वास कुठे घेते तेवढं दाखव,
मिशी उतरवतो.

लिगोर वरच्या पट्टीत बेसूर होतो.
होतो. माणूस रडताना सुरात रडतो काय रे, मास्तर?
तुझ्या इंदुमतीला कोकणी येत नाही.
येते. घरी बोलते, गाते मराठीत.
तुझा लिगोर गातो कोकणीत
आणि शिव्या पोर्तुगीजमधून देतो.
इथवर आलं, भाषा निघाली,
की फोंडू डागाची कांडी वर धरायचा,
टोकाला धूर.
दोघं मुकाट गाण्यावर परत.

शाबा ड्रायव्हरचा हिशेब निराळा:
रात्री दोनला, भरली गाडी, पुढे घाट,
तेव्हा जो डोळा लागू देत नाही तो मोठा.
पण तो कोण ते त्याला सांगता यायचं नाही.
कॅसेटवरचं नाव घामानं गेलेलं.

एका शनिवारी एश्पेरांस आली,
पिशवीत ट्रान्झिस्टर, वर सुके बांगडे.
फोंडू म्हणाला, हिला विचारा की.
ही दोघांच्या मागे कोरसला उभी राहिलीय.
बाक सरळ झाला.

तिनं आधी विचारलं, पैसे किती होतील.
मग म्हणाली,
बाई मला माईकपासून दोन पावलं मागे ठेवायची,
आणि स्वतःच्या थर्मासातलं गरम पाणी द्यायची.
लिगोर हात धरून पुढे ओढायचा,
आणि मडगावच्या बसचं भाडं उसनं मागायचा.
अजून यायचंय.

मग मोठं कोण?

बातम्या नीट लागतात काय ते बघ तू आधी.
गाणी माझी पाठ आहेत.

पुढचे तीन महिने
वाद थर्मास आणि बसभाड्यावर चालला.

मला कुणी विचारलं नाही.
मी दोघांनाही आतून पाहिलेलं.
एक कंडेन्सर सुकला की इंदुमती पत्र्यासारखी,
पट्टा सैल झाला की लिगोर ऐंशी वर्षांचा.
कितीदा मी त्यांना म्हातारं केलं,
कितीदा तरुण,
चार आण्यांच्या तारेनं.
आणि तरी बुधवारी साडेसातला, सेट जुळला की
माझा हात डागावरून उठायचा
आणि तसाच राहायचा.
कुणाच्या गाण्याला, ते नाही सांगणार.

कायतान नाताळच्या शिवणकामात गेला.
कुणाच्या तरी कोटाला एक बाही राहिली.
मास्तर महिनाभर फिरकले नाहीत.
आले ते बाकाच्या त्याच्या टोकाला बसले.
नवा पोस्टमन, जरा हुशार, सांगत होता
की इंदुमतीला तोड नाही,
श्वाससुद्धा कळत नाही बाईचा.

मास्तरांनी चष्मा पुसला नाही.
श्वास कळत नाही ते कसलं गाणं? म्हणाले.
लिगोर ऐक.
वर बेसूर होतो. होऊ दे.
माणूस रडताना सुरात रडतो काय रे?

फोंडूनं कांडी हातात घेतली होती,
ती खाली ठेवली.
फाटक पडलेलं.
रांगेत कुठेतरी शाबा हॉर्न देत राहिला,
त्याला घाई होती.